३८-१-२ : कॉलेजच्या मुलींचा आइस हॉकीचा हंगाम कसा वाचायचा

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाचा २०२४-२५चा हंगाम नोंदींत ३८-१-२ असा दिसतो. ४१ सामने, त्यांतले ३८ जिंकले, एक हरला, दोन बरोबरीत सुटले. नुसता आकडा पाहिला तर वाटेल, या मुलींनी विजेतेपद हसतखेळत खिशात घातलं असणार. तसं झालं नाही. २३ मार्च २०२५ रोजी मिनियापोलिसमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्याची १८.९ सेकंदं उरली होती आणि हा संघ २-३ असा मागे होता. तेवढी सेकंदं हातची गेली असती, तर ३८ विजय गाठीला असूनही करंडक दुसऱ्यांनी उचलला असता.

याचं कारण अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या रचनेत आहे. तिथला हंगाम दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी चालतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत सगळी साठवण: प्रत्येक सामना खात्यात जमा होतो आणि एखादा हरला तरी भरून काढता येतो. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेची बाद फेरी: एक हार आणि सामान बांधायचं. बातम्यांत येतो तो मार्च. पण माझ्या मते संघ घडतो तो आधीच्या पाच महिन्यांत, आणि मार्चमध्ये ज्याला आपण नशीब म्हणतो त्यातलं बरंचसं त्या पाच महिन्यांत कमावलेलं असतं.

बर्फावर काय चालतं

आपल्या डोळ्यांसमोर हॉकी म्हणजे मैदान, चेंडू आणि अकरा-अकरा जणी. इथं २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाची रिंक असते. कडेनं फळ्या, त्यांच्यावर पारदर्शक भिंत. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती, म्हणजे पक. तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. एका वेळी एका बाजूच्या सहा जणी बर्फावर असतात: एक गोलकीपर, दोन बचावपटू, तीन आघाडीपटू. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे साठ मिनिटांचा खेळ संपायला दोन तासांच्या वर जातात.

नव्यानं बघणाऱ्याला सगळ्यात गोंधळात टाकते ती खेळाडूंची सततची ये-जा. खो-खोत बचावाला तिघा-तिघांच्या तुकड्या उतरतात, तशा इथं आघाडीच्या तिघींच्या तुकड्या असतात. त्यांना लाइन म्हणतात. साधारण चार लाइन आणि बचावपटूंच्या तीन जोड्या आलटून-पालटून खेळतात. एक लाइन बर्फावर राहते जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात पूर्ण वेगानं स्केटिंग, थांबणं, वळणं, झटापट. पाय भरून येतात आणि त्या बाकाकडे धाव घेतात. ही अदलाबदल बहुतेक वेळा खेळ चालू असतानाच होते, कुणी शिट्टी वाजवत नाही.

एक बदल जवळून पाहू. मधल्या भागातून एक आघाडीपटू पक जोरानं समोरच्या कोपऱ्यात ढकलते आणि लगेच बाकाकडे वळते. ती फळीपाशी पोचते न पोचते, तोच तिच्या जागी जाणारी मुलगी फळीवरून पाय टाकून बर्फावर उतरलेली असते. उतरणारी क्षणभर लवकर उतरली आणि खेळात शिरली, तर बर्फावर जास्त खेळाडू असल्याबद्दल दंड. उशिरा उतरली, तर समोरचा संघ मोकळ्या जागेतून तीनावर दोन असा चढून येतो. आणि पक कोपऱ्यात नीट गेलाच नाही, तर दमलेल्या तिघींना आणखी अर्धा मिनिट तसंच तग धरून राहावं लागतं. पुष्कळ गोल अशाच फसलेल्या बदलातून होतात. टीव्हीवर मात्र फक्त शेवटचा फटका पुन्हा पुन्हा दाखवतात.

म्हणून या खेळात एकदोन तारे असून भागत नाही. पहिली लाइन कितीही भारी असो, ती साठातली वीसेक मिनिटंच खेळणार. उरलेला वेळ दुसरी, तिसरी, चौथी लाइन काय करते त्यावर संघाची खरी ताकद ठरते.

महिलांच्या कॉलेज हॉकीत समोरच्या खेळाडूला मुद्दाम अंगानं धडकून पाडायला परवानगी नाही. पकसाठी झुंजताना खांद्याला खांदा लागतो, फळीपाशी रेटारेटी होते, पण धडक मारली की दंड. चेहऱ्यावर पूर्ण जाळी किंवा पूर्ण संरक्षक काच सगळ्यांना सक्तीची. धडकेवरच्या या बंदीमुळे खेळात पासिंग आणि स्केटिंगला जास्त वाव मिळतो. पुरुषांचा खेळ बघून आलेल्यांना सुरुवातीला हा खेळ सौम्य वाटतो. दोन पीरियड नीट पाहिले की पकवर ताबा ठेवण्याचं यांचं कसब दिसायला लागतं, आणि मला तरी ते जास्त बघण्यासारखं वाटतं.

किरकोळ चुकीला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. तेवढा वेळ तो संघ एकीनं कमी, म्हणजे पाचावर चार अशी स्थिती. समोरच्यांसाठी हा पॉवर प्ले. त्यांनी गोल केला की बाहेर बसलेली परत येते. शेवटच्या एकदोन मिनिटांत मागे असलेला संघ गोलकीपरला बाहेर बोलावून तिच्या जागी आणखी एक आघाडीपटू उतरवतो. स्वतःचा गोल रिकामा सोडून केलेला हा जुगार असतो, पण हरणाऱ्याकडे गमवायला उरलेलं काय असतं?

तीन आकड्यांचं गणित

आता ३८-१-२ मधल्या शेवटच्या दोनकडे येऊ. नियमित हंगामात साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर पाच मिनिटांचा जादा वेळ असतो, तोही तीनावर तीन. एवढ्या मोठ्या बर्फावर सहाच आघाडी-बचावपटू म्हणजे जागाच जागा, आणि पहिला गोल होताच सामना संपतो. पाच मिनिटांत कुणीच गोल केला नाही तर राष्ट्रीय नोंदींत सामना बरोबरीत धरतात. पण लीगला तिच्या गुणतक्त्यासाठी निकाल हवा असतो, म्हणून तिथं शूटआउट होतो, म्हणजे एकेकीनं एकट्या गोलकीपरसमोर आळीपाळीनं फटका मारायचा. विस्कॉन्सिन ज्या वेस्टर्न कॉलिजिएट हॉकी असोसिएशन या लीगमध्ये खेळतं, तिथं साठ मिनिटांत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळात किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर दोन, तिथं हरलात तर एक, आणि साठ मिनिटांतच हरलात तर शून्य.

म्हणजे एकाच सामन्याच्या दोन नोंदी होतात. लीगच्या तक्त्यात शूटआउटचा विजय, राष्ट्रीय नोंदींत बरोबरी. टक्केवारी काढताना बरोबरी अर्धा विजय धरतात: ३८ आणि दोन अर्धे मिळून ३९, भागिले ४१, म्हणजे ०.९५१. लीगचा तक्ता आणि संघाच्या नोंदी पहिल्यांदा शेजारी ठेवल्या की आकडे जुळत नाहीत असं वाटतं, कारण हेच.

मार्चमधल्या बाद सामन्यांत हे काही चालत नाही. तिथं जादा वेळ पूर्ण वीस मिनिटांचा, पाचावर पाच, आणि गोल होईपर्यंत एकामागून एक पीरियड.

खेळाडूचे गुण हा आणखी वेगळा हिशेब. गोल केला तर एक गुण, आणि गोलाआधी शेवटचे पास देणाऱ्या दोघींपर्यंत प्रत्येकी एक गुण. या पासला असिस्ट म्हणतात. गोल मारणारी आणि गोल घडवणारी दोघी इथं सारख्याच तोलाच्या, आणि पासवर उभ्या असलेल्या या खेळाला ते शोभून दिसतं.

शुक्रवार आणि शनिवार

या लीगमध्ये आठ संघ आहेत: विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट, मिनेसोटा डुलुथ, सेंट क्लाउड स्टेट, मिनेसोटा स्टेट, सेंट थॉमस आणि बेमिजी स्टेट. प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी चार-चार वेळा खेळतो, म्हणजे लीगचे २८ सामने. हे बहुधा जोडीनं होतात. बहुतेकदा शुक्रवार आणि शनिवार, त्याच गावात, त्याच संघाशी.

मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही एका संघाशी खेळता. रात्री प्रशिक्षक व्हिडिओ घेऊन बसतात. शनिवारी तोच संघ पुन्हा समोर. शुक्रवारी ज्या पॉवर प्लेनं दोन गोल दिले, तो शनिवारी चालेलच असं नाही, कारण समोरच्यांनीही तो रात्री पाहिलेला असतो. शुक्रवारी ५-१ हरलेला संघ शनिवारी २-१ जिंकतो, असं दर आठवड्याला कुठे ना कुठे घडतं. वरवर पाहिलं तर ते लहरी वाटतं. नीट पाहिलं तर दिसतं, की चौथ्या लाइनला वेगळी कामगिरी दिली, एका बचावपटूची जागा बदलली, बदली गोलकीपरला उतरवलं.

आणि हे सगळं करणाऱ्या मुली विद्यार्थिनी आहेत. राष्ट्रीय संघटनेच्या म्हणजे एनसीएएच्या नियमानुसार हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास खेळाचं काम आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. प्रवास या वीस तासांत धरत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन गावाहून मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या बेमिजीला रस्त्यानं जायचं तर सात-आठ तास. हिवाळ्यातला तो रस्ता, उद्याचा सामना, परवाचा दुसरा सामना आणि सोमवारची परीक्षा, असा तो आठवडा असतो. यावर कुणी फार लिहीत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

एवढ्या मुलींना विद्यापीठं पैसे मोजून खेळवतात याच्या मुळाशी १९७२चा टायटल नाइन हा कायदा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, एवढंच त्याचं सूत्र. खेळाच्या संधींना ते लागू झालं आणि मुलींच्या संघांचे दरवाजे उघडले. २०२४-२५पर्यंत पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातल्या महिला हॉकी संघाला १८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. हार्वर्ड, प्रिन्स्टन, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीगची, म्हणजे जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तरी त्यांचे संघ याच स्पर्धेत उतरतात. २०२५च्या उपांत्य फेरीत कॉर्नेल होतंच.

कायद्यानं दरवाजा उघडला म्हणजे तो कायम उघडाच राहील, असं मात्र नाही. मिनेसोटाच्या संघानं २०१२-१३च्या हंगामात ४१-०-० अशी कामगिरी केली होती, म्हणजे एकही बरोबरी किंवा हार नाही. आधीच्या आणि पुढच्या हंगामातले विजय धरून त्यांची सलग विजयांची माळ ६२पर्यंत गेली. नोव्हेंबर २०१३मध्ये ती तोडली नॉर्थ डकोटानं. त्याच नॉर्थ डकोटा विद्यापीठानं २०१७मध्ये खर्चकपातीत आपला महिला हॉकी संघ बंद केला. ऑलिम्पिकपटू घडवणारा संघ एका अंदाजपत्रकात पुसला गेला. विजयांची कुठलीही माळ सांगताना मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मार्चची चाळणी

पहिल्या विभागाच्या महिला स्पर्धेत चाळीसहून अधिक संघ आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत जागा फक्त अकरा. पाच लीगांच्या हंगामअखेरच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश. उरलेल्या सहा जागा निवड समितीकडून. ही निवड मतांवर होत नाही, तिच्यामागे संगणकी क्रमवारी असते. तुम्ही किती जिंकलात यासोबत कुणाशी खेळलात हेही ती मोजते. दुबळ्या संघांशी २५ सामने जिंकणारा संघ बाहेर राहू शकतो आणि तगड्या लीगमध्ये दहा वेळा हरलेला संघ आत येऊ शकतो. ऑक्टोबरमधल्या एखाद्या सामन्याचं वजन मार्चमध्ये लागतं ते असं.

अकरापैकी वरच्या पाच संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी. बाकीचे सहा आधी आपापसांत खेळतात, त्यांतले तीन पुढे येतात. वरच्या चार संघांना उपांत्यपूर्व सामना आपल्या रिंकवर खेळायला मिळतो. पाच महिन्यांच्या साठवणीचं हे रोख बक्षीस: एक सामना कमी, आणि घरचं बर्फ. पुढे उरलेले चौघे एका ठिकाणी जमतात, त्याला फ्रोझन फोर म्हणतात. दोन उपांत्य सामने, एका दिवसाची विश्रांती, अंतिम सामना.

ही राष्ट्रीय स्पर्धा २००१मध्ये सुरू झाली आणि २०२०मध्ये कोविडमुळे झाली नाही. २०२५पर्यंतची चोवीस विजेतेपदं अवघ्या पाच विद्यापीठांत वाटली गेली आहेत: विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा डुलुथ पाच, क्लार्कसन तीन, ओहायो स्टेट दोन. न्यूयॉर्क राज्यातलं क्लार्कसन सोडलं तर उरलेले चारही एकाच लीगचे. चांगल्या खेळाडू चांगल्या संघाकडे जातात आणि दरी रुंदावत राहते. या खेळाची ही दुखरी बाजू आहे. दुसऱ्या अंगानं पाहिलं तर त्या लीगचा प्रत्येक शुक्रवार-शनिवार राष्ट्रीय उपांत्य सामन्याच्या तोडीचा असतो, हेही खरं.

त्या वर्षीचा विस्कॉन्सिन

संघाचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन मुलांनी सोव्हिएत संघाला हरवलं, त्या सामन्यात अमेरिकेच्या चारपैकी दोन गोल त्यांचे होते. २००२पासून ते विस्कॉन्सिनच्या मुलींना शिकवताहेत आणि संघाची २०२५पर्यंतची आठही विजेतेपदं त्यांच्याच काळातली. घरची रिंक ला बान अरीना, अवघ्या दोन हजारांच्या थोड्या वर आसनांची. मागणी त्याहून मोठी आहे: जानेवारी २०१७मध्ये या मुलींचा एक सामना शेजारच्या मोठ्या कोल सेंटरमध्ये ठेवला, तेव्हा १५,३५९ प्रेक्षक आले.

त्या हंगामातली सर्वांत मोठी खेळाडू केसी ओब्रायन. तिला तेराव्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो आणखी दोनदा उलटला. त्यातून उठून ती विस्कॉन्सिनला आली आणि कर्णधार झाली. २०२४-२५मध्ये तिचे ८८ गुण झाले. त्यांत गोल २६ आणि असिस्ट ६२. असिस्टच्या आकड्यावर थांबायला हवं. गोलापेक्षा दुपटीहून अधिक वेळा तिनं दुसरीला गोल करायला लावलं. पक घेऊन समोरच्या गोलच्या मागे जायचं, दोन बचावपटूंना आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि त्यांच्या काठ्यांमधून पास सोडायचा, असा तो खेळ.

पास घ्यायलाही कुणी हवं. लैला एडवर्ड्सनं त्या हंगामात ३५ गोल केले. अमेरिकेच्या वरिष्ठ महिला संघातून खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू, २०२३पासून. कॅरोलाइन हार्वी बचावपटू असूनही हल्ल्याची सुरुवात तिच्यापासून व्हायची. देशातल्या सर्वोत्तम महिला कॉलेज हॉकीपटूला पॅटी काझमायर पुरस्कार देतात. प्रिन्स्टनची ही खेळाडू दुर्मीळ रक्तविकारानं अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिच्या नावानं १९९८पासून हा मान दिला जातो. २०२५मध्ये अंतिम तिघींत ओब्रायन, एडवर्ड्स आणि हार्वी होत्या. तिघीही एकाच संघाच्या, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुरस्कार ओब्रायनला मिळाला.

एवढं सगळं असताना अंतिम सामना अडला कसा? समोर ओहायो स्टेट होतं म्हणून. हेच दोन संघ लागोपाठ तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत भिडत होते. २०२३मध्ये विस्कॉन्सिन १-०, २०२४मध्ये ओहायो स्टेट १-०. एकाच लीगचे असल्यामुळे त्याआधी प्रत्येक हंगामात चार सामने ठरलेलेच. एकमेकींचे बदल, पॉवर प्ले, गोलकीपरची सवय, सगळं दोघींना पाठ. अशा वेळी मोठा फरक पडत नाही. तिन्ही अंतिम सामने एकेका गोलानं सुटले.

१८.९ सेकंदं

मिनियापोलिसची रिडर अरीना. महिला कॉलेज हॉकीसाठीच म्हणून बांधलेली अमेरिकेतली पहिली रिंक, २००२ची. विस्कॉन्सिननं उपांत्यपूर्व फेरीत क्लार्कसनला आणि उपांत्य फेरीत यजमान मिनेसोटाला ६-२ असं हरवलं होतं. अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट आलं तेव्हा ओहायो स्टेट ३-२ पुढे.

ओहायो स्टेटच्या गोलसमोर गर्दी झाली, पक गोलकीपरच्या पुढच्या निळ्या पट्ट्यात, क्रीझमध्ये, सुटा पडला आणि बचावातल्या एका खेळाडूच्या हाताखाली दबला. इथं नियम स्पष्ट आहे. क्रीझमध्ये पक झाकून खेळ थांबवण्याचा अधिकार फक्त गोलकीपरचा. दुसऱ्या कुणी हातानं झाकला तर समोरच्या संघाला पेनल्टी शॉट. पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि पेनल्टी शॉट दिला. घड्याळावर १८.९ सेकंदं.

पेनल्टी शॉट म्हणजे पक मधल्या बिंदूवर, बाकीच्या सगळ्या जणी बाजूला झालेल्या, एक मुलगी आणि समोर एकटी गोलकीपर. पक पुढेच जात राहिला पाहिजे. एक फटका मारला की संपलं, परत आलेला पक पुन्हा मारता येत नाही. विस्कॉन्सिनकडून कर्स्टन सिम्स पुढे झाली. २०२३च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल तिचाच होता, तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. तिनं गोल केला. ३-३. जादा वेळ सुरू झाला आणि तिसऱ्याच मिनिटात, २:४९ला, पुन्हा सिम्सनंच गोल केला. ४-३. विस्कॉन्सिनचं आठवं विजेतेपद.

हा निव्वळ दैवाचा खेळ होता, असं म्हणणारे भेटतील. हात पकवर पडला हा योगायोग, मान्य. पण शेवटच्या मिनिटात पक ओहायो स्टेटच्या क्रीझमध्ये होता, हा योगायोग नव्हता. एकोणसाठ मिनिटं खेळून झाल्यावरही विस्कॉन्सिनकडे दाब टाकायला ताज्या पायांच्या खेळाडू होत्या, आणि ती ताकद ऑक्टोबरपासून आळीपाळीनं खेळवलेल्या चार लाइनमधून आली होती. ओब्रायन, एडवर्ड्स, हार्वी या तिन्ही नावांवर सगळ्यांचं लक्ष असताना निर्णायक दोन्ही गोल चौथ्याच मुलीनं केले, यातच त्या संघाची खोली दिसते.

त्यानंतर

कॉलेजच्या संघाची गंमत अशी, की तो जिंकला त्याच दिवशी मोडायला लागतो. शेवटच्या वर्षाच्या मुली जातात, नव्या येतात, काही जणी दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतात. पूर्वी जाणाऱ्यांपुढे राष्ट्रीय संघाखेरीज फारसं काही नव्हतं. जानेवारी २०२४मध्ये अमेरिका-कॅनडातली सहा संघांची व्यावसायिक महिला लीग सुरू झाली आणि कॉलेजनंतरची पायरी तयार झाली. जून २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडताना, न्यूयॉर्कच्या संघानं ओब्रायनला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. हार्वी, एडवर्ड्स, सिम्स आणि गोलकीपर एव्हा मॅकनॉटन पुढच्या हंगामासाठी मॅडिसनलाच राहिल्या, आणि त्या चौघी २०२६च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकच्या अमेरिकन संघातही निवडल्या गेल्या.

आपल्या देशातही मुली हा खेळ खेळतात, आणि त्या बहुतेक साऱ्या लडाखच्या. तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर सराव करून भारताच्या महिला संघानं २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकलं आणि २०२५च्या आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं. विद्यापीठाची रिंक, शिष्यवृत्ती, ठरलेले पाच महिने यांतलं काहीही हाताशी नसताना. ३८-१-२ वाचून झाल्यावर त्या कांस्यपदकाची किंमत मला अधिक कळते.

ज्यांना हा खेळ आता बघावासा वाटतोय त्यांच्यासाठी एक सोय आहे. अमेरिकेच्या मध्यभागातले शुक्रवार संध्याकाळचे सामने आपल्याकडे शनिवारी पहाटे-सकाळी लागतात आणि शनिवारचे रविवारी. नवा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो. कुठल्याही दोन संघांची एक जोडी निवडा आणि दोन्ही दिवस बघा. पहिल्या दिवशी पककडे बघा. दुसऱ्या दिवशी बाकाकडे: कोण कुणाच्या जागी उतरते, कोणती लाइन कुणासमोर सोडली जाते, आणि शुक्रवारी जे चाललं ते शनिवारी कुणी बंद पाडलं.